चारूच्या नावाचं बोट

हितेंद्र माझ्या टेबलाशी येऊन नुसता उभा राहिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. हितेंद्र गप्प उभा राहणारा माणूस नाही. आमच्या पाइप कंपनीच्या डिस्पॅचमध्ये गाडी आली तरी तो बोलतो, नाही आली तरी बोलतो, आणि ऐकायला कोणी नसलं तर पंख्याला शिव्या घालतो. त्या दिवशी मात्र त्याने एका हाताने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. खांद्यावर असा हात ठेवण्याची तऱ्हा आपल्याकडे एकाच प्रसंगासाठी राखून ठेवलेली आहे. स्क्रीनवर काळी चौकट, दोन्ही अंगांना समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'कै. कु. चारुलता', पुढे आमचं आडनाव. फोटो अजून उघडत होता. त्याच्या जागी ते गोल चक्र फिरत होतं. चारुलता माझी मुलगी. सकाळी मैत्रिणीच्या, ऋतिकाच्या, स्कूटीवर मागे बसून ती क्लासला गेली होती, आणि 'ओढणी नीट घे, चाकात जाईल' असं मी गॅलरीतून ओरडलो होतो, ते तिने ऐकलं की नाही मला माहीत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच की माझे कान बंद झाले. यार्डात ट्रक मागे येत होता, त्याची शिट्टी वाजत असणार, कारण समोरचा पोऱ्या हात हलवत होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं. तोंडाला लोखंडाची चव आली. मग फोटो उघडला. दोन वेण्या, वर दुमडून बांधलेल्या, पांढऱ्या कॉलरचा निळा फ्रॉक, आणि कुठल्यातरी मोबाइलच्या करामतीने गोरे केलेले गाल. ती माझी मुलगी नव्हती, माझी बहीण होती. रावेरला, मी आठवीत असताना मेलेली. आणि माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते हितेंद्रने ऐकले आहेत, म्हणून आता नाकारण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, 'अरे, ही होय! देवाची कृपा.'

हितेंद्रने खांद्यावरचा हात काढून घेतला. 'मग बरं झालं भाऊ,' तो म्हणाला, 'मी तर घाबरूनच गेलो होतो.' आणि तो लगेच बोलायला लागला, उन्हाबद्दल, समाजाच्या ग्रुपवर लोक काहीही टाकतात त्याबद्दल. बरं झालं. मीही मान हलवली. मग मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं, टाकीतलं कढत पाणी, आणि आरशात पाहिलं तर माझा चेहरा हसरा होता. खरोखर हसरा. सुटल्याचं हसू असतं तसा. माझी सख्खी बहीण मेली होती आणि मला हायसं वाटत होतं. ती आज मेली असती तर एक वेळ समजलं असतं. ती आधीच मेलेली होती, पुरती, पक्की, आणि मी देवाचे आभार मानत होतो की मेलेली ती आहे. इतक्या वर्षांत तिच्यासाठी मी रडलो नव्हतो असं नाही, पण तिच्या मरणाचा मला उपयोग झाला, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

बॅनर कुंदनचं होतं. कुंदन माझा चुलतभाऊ, रावेरला असतो, केळीच्या पॅकिंगचं काम बघतो आणि उरलेल्या वेळात पुढारी होण्याची तयारी करतो. वाढदिवस, दशक्रिया, दहावीचा निकाल, नवीन ट्रॅक्टर, काहीही असो, कुंदनचं बॅनर आलंच. आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दशक्रियेच्या बॅनरवर त्याने आबांना सूट घातला होता. मी फोन केला तर म्हणतो, 'भो, मोठी आईनं फोटो देला. पेटीतून काढला. म्हणे, टाक माह्या पोरीचा कुठी तरी. मी टाकला. मले काय माहीत तठी जळगावात गोंधळ होईन?' मोठी आई म्हणजे माझी माय. म्हणजे हे मायने केलं होतं. मी फोन ठेवला. तोवर घरी बायकोला सतरा जणींचे फोन येऊन गेले होते, शेजारच्या वहिनी तर कुंकू न लावता आल्या होत्या. दिपमालाने मला जिन्यातच गाठलं. ती धुळ्याची. एरवी बोलते अगदी शाळेतल्या बाईंसारखं, पण राग आला की तिचं धुळं बाहेर येतं, 'माझी'ची 'मनी' होते. 'मी काय सांगेल व्हतं तुमले?' ती म्हणाली. 'मनी पोर जित्ती शे. जित्ती! तिना फोटोखाले समया लाई दिन्यात!' फोटो तिचा नाही, असं मी म्हणणार होतो. पण नाव तिचं होतं, आणि लोकांनी नावच वाचलं होतं, मीही नावच वाचलं होतं.

नाव आबांनी ठेवलं, रावेरच्या घरी, तेव्हा आम्ही तिथेच राहायचो. तेव्हा सगळ्यांना ते फार सुंदर वाटलं होतं, मलासुद्धा. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमच्याकडे आत्या कुठून आणायची? पाटावर ती जागा रिकामी होती, बायका एकमेकींकडे बघत होत्या, कुणीतरी कुंदनच्या बहिणीला पुढे ढकलत होतं. तेवढ्यात आबा उठले. धिप्पाड माणूस, बायकांच्या घोळक्यात असा कधी शिरला नव्हता. ते पाळण्याशी वाकले आणि म्हणाले, 'आत्या नही तं नही. आत्याचं नाव तं आहे.' आणि बाळाच्या कानात तेच सांगितलं. सगळ्या बायका एकदम रडल्या. माय तर पाळण्याची दोरी धरून खालीच बसली. 'आली व माह्यी चारू, आली,' म्हणत होती. दिपमालाही रडली होती, हे आता तिला सांगून पाहा. पेढे वाटले. मी मित्रांना सांगत सुटलो होतो, बहिणीचं नाव ठेवलं म्हणून, आणि लोक माझा हात दाबत होते. एखाद्या माणसाला अख्ख्या घराने मिळून, पेढे वाटून, असं पुसून टाकलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

कारण त्यानंतर एकेक गोष्ट आपोआप झाली. कुणी दुष्टपणा केला नाही. आधी भिंतीवरचा फोटो उतरला. घरात रांगतं लेकरू, आणि त्याच्याच नावाच्या फोटोला हार, हे कोणत्या आईला बघवेल? दिपमालाने तो स्वतः पुसून, फडक्यात गुंडाळून, गोधड्यांच्या पेटीत ठेवला. मग आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीहून मोठी. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि सकाळी घरोघर पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यावर पाण्याचा लोटा, त्यावर खरबूज, आणि घरातली थोरली बाई उंबरठ्याशी बसून एकेक गेलेल्या माणसाचं नाव घेते आणि ओल्या कुंकवाचं एकेक बोट उंबरठ्यावर ओढते. नाव घेतलं की ते माणूस दाराशी येतं, पाणी पितं. न घेतलं तर तसंच, वर्षभर तहानलेलं. चारू गेल्यापासून माय दर आखाजीला शेवटचं बोट तिच्या नावाने ओढायची. मुलगी झाली त्या वर्षी बोट कुंकवात बुडवलं आणि ती थांबली. आत पाळण्यात लेकरू. आता चारूला बोलवायचं म्हणजे कुणाला? पितरांत जित्या माणसाचं नाव घेतलं की ते माणूस त्यांच्यात गेलंच समजा, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल. आबा ओट्यावरून म्हणाले, 'आता ती घरात आहे. घरातल्या माणसाले कोणी घागर भरते का?' सगळ्यांना पटलं. मायने बोट धुऊन टाकलं. त्या वर्षापासून उंबरठ्यावर एक बोट कमी.

मग बोलणं बंद झालं. 'चारूले दोडके आवडत नव्हते,' माय म्हणायची, आणि चार वर्षांची पोरगी ताटावरून ओरडायची, 'आवडतात की मला!' सगळे हसायचे. 'चारू विहिरीत वाकून पाहे,' म्हटलं की दिपमाला ताठ व्हायची, कारण पोरं ऐकतात आणि तसं करून बघतात. मेलेल्या पोरीच्या सवयी जिवंत पोरीपुढे काढायच्या कशा? आधी आवाज खाली आला, मग विषयच आला नाही. आणि मला वाटायचं, असू दे, आपल्या डोक्यात तर आहे. डोकं काय, आपलंच आहे. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती. तिला ताई म्हण म्हणून माय दटावायची, पण मी चारूच म्हणायचो, मुद्दाम, आणि ती माझा कान पिरगाळायची. हे मला आठवतं. म्हणजे कान आठवतो. पिरगाळणारा हात आठवायला गेलो तर त्यावर माझ्या मुलीचं काळ्या पट्ट्याचं घड्याळ असतं.

ते मला त्या बॅनरच्या दिवशी संध्याकाळी कळलं. चारू घरी आली ती हसतच. क्लासमध्ये तिचा उद्धार झाला होता. कुणीतरी तिला उदबत्ती ओवाळली होती, ऋतिकाने तर 'भूत' म्हणून स्कूटीवर घ्यायलाच नकार दिला होता. तिला मजा वाटली होती. दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा, त्या वयात सगळ्याचीच मजा वाटते. मग दिपमाला आत गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, मोबाइलवर तो फोटो मोठा करून, आणि म्हणाली, 'पप्पा, माझं नाव हिचं आहे हे मला माहीत होतं. पण ही कशी होती? कुणी कधी सांगितलंच नाही. एक गोष्ट सांगा ना. फक्त हिची.' मी म्हटलं, सांगतो की. हसताना ती नाक चोळायची. चारू म्हणाली, 'ते तर मी करते.' मी म्हटलं, तिला झोप आली की ती एका पायाने दुसरा पाय खाजवायची. 'पप्पा, मी.' मी म्हटलं, ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून ती आबांबरोबर मळ्यात जायची, आबा ओरडायचे, ती उतरायची नाही. हे नक्की तिचंच, कारण तो ट्रॅक्टर माझ्या लग्नाआधीच विकला. पण सांगता सांगता मी त्या पत्र्यावर कोण बसलंय ते बघत होतो, आणि तिथे माझी मुलगी बसली होती, आताची, जीन्स घालून. मी डोळे मिटले. बहिणीचा आवाज आठवून पाहिला. 'चंदन' अशी हाक ती मला कशी मारायची? माझ्या कानात फक्त 'पप्पा' आलं. मी मुलीच्या हातातला फोटो बघायला लागलो, आणि जितका बघत गेलो तितकी ती गोरी केलेली पोरगी कुणी तरी परकी, कॅलेंडरवरची वाटायला लागली. सगळं देऊन झालं होतं. तिचं हसणं, तिचं नाक, तिचे पाय, सगळं आम्ही हिला दिलं होतं. आपण देतोय हे कळलंसुद्धा नाही.

फक्त तिचं असं एकच उरलं होतं, आणि ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. ती गेली त्या वर्षी आखाजीनंतर लगेच सावद्याला लग्न होतं. भर दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सगळे परत आले, लोखंडी ट्रॉली, वर नावाला कापड. येताना ती गाणी म्हणत होती असं बायका सांगतात. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली, गाल उन्हाने लाल, आणि तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि ओकली. ऊन लागलं म्हणाले. तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं केलं, ओली चादर गुंडाळली. संध्याकाळी ती माणसं ओळखेना. गावच्या डॉक्टरने सांगितलं, जळगावला न्या, आत्ताच, आणि बेशुद्धीत पाणी पाजू नका, छातीत जाईल. गाडी कुठली? केळी भरलेला ट्रक निघाला होता, तोच आबांनी आडवा होऊन थांबवला. घडांवर केळीची पानं अंथरून तिला निजवलं. मायला वर चढता येईना, ती खालीच राहिली. मी चढलो. मी तिचे पाय धरून बसलो होतो. ट्रक हलला की कच्च्या केळीचा चीक हाताला लागायचा आणि तिच्या पायांना चिकटायचा. सावदा गेलं, फैजपूर गेलं. ती मधूनच स्वच्छ आवाजात म्हणायची, 'पाणी दे.' आबा म्हणायचे, 'आलं बेटा, जळगाव आलं.' तापीच्या पुलावर थोडा गार वारा आला आणि मला वाटलं, आता तिला बरं वाटेल. तिचे पाय मी भुसावळपर्यंत धरून होतो. ते कधीचे गार झाले होते, आणि मला ते बरं होण्याचं लक्षण वाटलं होतं. मी आबांना सांगितलंसुद्धा, ताप उतरला म्हणून. परत आल्यावर मायने मला एकच विचारलं, 'काय म्हने रे ती?' मी जे होतं ते सांगितलं. पाणी मागत होती. त्या दिवसापासून मायचं देवाशी काही बोलणं असेल तर ते तेवढ्यावरच.

तर आता आबा गेले होते, माघात, आणि ही त्यांची पहिली आखाजी होती. पहिली घागर टाळता येत नाही. त्यासाठीच मायने पेटीतून फोटो काढला होता. मी तिला फोनवर रागावलो, तर ती शांतपणे म्हणाली, 'तुह्या बापाले पाणी देऊ अन् तिले नही देऊ? तो तठी बसून पिईन अन् ती पाहीन? पंधरा आखाज्या झाल्या रे. नाव घेतल्याबिगर कोणी येत नही. मी आता किती दिवसाची? मी गेल्यावर तं तुम्ही घेनारच नही.' मी म्हटलं, माय, घरात पोरगी आहे. ती म्हणाली, 'माह्यीबी पोरगीच व्हती.' मी फोन ठेवला. मी दिपमालाशी भांडलो. चांगला दोन दिवस भांडलो, आणि मायच्या बाजूने भांडलो, हे लक्षात घ्या. अंधश्रद्धा म्हणालो. शिकलेली बाई ना तू, म्हणालो. एका नावाने कोणी मरत नाही, म्हणालो. खरं म्हणजे मी बहिणीसाठी भांडत नव्हतो, स्वतःसाठी भांडत होतो. मला वाटत होतं की मायने एकदा ते नाव त्या उंबरठ्यावर घेतलं, एकदा ते बोट उमटलं, की माझ्या डोक्यातल्या त्या दोघी वेगळ्या होतील. एक बाहेर, एक आत. मला तिचा आवाज परत ऐकू येईल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्या हातात कुंकवाचं बोट होतं. शेवटी दिपमाला म्हणाली, 'घ्या काय घ्यायचं ते नाव. मी पोरीला घेऊन धुळ्याला जाते माझ्या आईकडे. आखाजीला लेकी माहेरी जातातच. ती त्या छपराखाली नसेल, मग घ्या.' मला ते एकदम मान्य झालं. इतकं सोपं होतं, तर इतकी वर्षं कुणाला का सुचलं नाही?

पण निघायच्या सकाळी चारू धुळ्याच्या गाडीत बसेना. 'माझ्या नावाचं आहे ना सगळं? मग मी का नको?' आईच्या डोळ्यांत बघून म्हणाली. हट्टी आहे. कुणावर गेली आहे ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. शेवटी आम्ही तिघेही रावेरला निघालो, दिपमाला खिडकीकडे तोंड करून. रस्त्यात केळीच्या बागा, वाळलेली पानं खाली लोंबणाऱ्या, आणि आमच्या पुढेमागे केळीचेच ट्रक. मी गाडी चालवत होतो आणि पुलाकडे पाहिलं नाही. घरी पोचल्यावर दिपमालाने मायला अट घातली, पाया पडून झाल्यावर, उभ्या उभ्याच: घागर भरेपर्यंत पोरगी कुंदनकडे राहील, गल्लीच्या टोकाला, आणि सगळं आटपल्यावरच या घरात पाऊल टाकेल. माय म्हणाली, 'ऱ्हाऊ दे बाई. माह्यी तिच्यावर वाकडी नजर आहे का?' चारूला कुंदन स्वतः घेऊन गेला, तिला त्याचा नवा ड्रोन दाखवायचं आमिष दाखवून. मी तिला गल्लीच्या टोकाशी वळताना पाहिलं. दिपमालाने पुढच्या दाराची चौकट अडवून उभं राहायचं ठरवलं आणि ती तशी उभी राहिली. पितरं येणार त्या वाटेवर उभं राहू नये, असं तिला कुणी म्हटलं नाही.

ऊन ओट्यावर चढलं होतं. मायने उंबरठा शेणाने नाही, नुसत्या पाण्याने पुसून घेतला होता, त्याचं जुनं लाकूड काळं ओलं दिसत होतं. तिने घागर मांडली, लोटा ठेवला, आत चुलीवर पुरण शिजत होतं त्याचा वास येत होता. ती खाली बसली, गुडघ्यांचा आवाज झाला. आजेसासऱ्यांचं नाव घेतलं, बोट. सासऱ्याचं, सासूचं. मग आबांचं. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'तोताराम', आणि तिने बोट ओढलं, लांब, घट्ट, बोट उचलवेना तिला. मला रडू आलं आणि ते बरं वाटलं, कारण आबा मला स्पष्ट आठवत होते, विडी ओढताना, धोतर खोचताना, अगदी सगळे. मी मनात म्हणत होतो, आता, आता. मायने पुन्हा बोट बुडवलं. तिने मान वर केली, दाराबाहेर, दिपमालाच्या अंगावरून पलीकडे पाहिलं, आणि हाक मारली. नाव घेतलं असं म्हणता येणार नाही. दिवेलागणीला खेळायला गेलेल्या पोरीला मारतात तशी हाक मारली, मोठ्याने, पंधरा वर्षं गळ्यात अडकलेली. 'चारू! ये व माय, चारू!'

आणि मागून, घराच्या आतून, स्वच्छ आवाज आला, 'ओ! आले!'

तिच्या मोबाइलच्या चार्जरची पिन घरातल्या सामानात राहिली होती. ड्रोन उडायच्या आत तिचं चार्जिंग संपलं आणि परसाच्या दाराने ती पिन न्यायला आली होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त आवाज ऐकू आला, आणि तो कुणाचा आहे ते मी ओळखलं नाही. शप्पथ. अंगावर काटा आला तो आनंदाने आला. हाच तो आवाज, असंच म्हणायची ती, 'ओ' लांबवून. मायचा चेहरा मी विसरणार नाही. त्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल झाल्या. 'आली,' ती म्हणाली, 'आली रे चंदन, ओ देली तिनं,' आणि तिने बोट खाली ओढलं, आबांच्या बोटाला लागून, सरळ, लालभडक. दिपमाला किंचाळली. 'मनी पोर शे ती! मनी शे!' ती पितरांच्या वाटेवरून, घागरीवरून झेप घेऊन आत पळाली. चारू स्वयंपाकघराच्या दारात पिन हातात घेऊन उभी होती, विचारत होती काय झालं, हाक कुणी मारली. तिच्या कपाळावर घाम होता, गाल उन्हाने लाल झाले होते. आणि मी तिचे लाल गाल पाहिले. बस, एवढंच पाहिलं.

मी काय करतोय ते मला पूर्ण कळत होतं. मी उंबरठ्यावर वाकलो आणि ते बोट तळहाताने पुसलं. ओलं होतं, पुसलं गेलं नाही, पसरलं. लाकडाच्या भेगांत शिरलं. मी घागरीवरचं खरबूज ढकललं, लोटा उचलला आणि त्यातलं पाणी उंबरठ्यावर ओतलं, आणि घासायला लागलो, शर्टाच्या बाहीने, नखांनी. नाही, नाही, असं काहीतरी मी म्हणत होतो. जा, असंही म्हणालो असेन. म्हणालोच. जा इथून, जा. आबांचं बोट निम्मं गेलं त्यात. माझ्या नखांत कुसळ गेलं, पण मी थांबलो नाही, लाकडावर लाल दिसेनासं होईपर्यंत घासत राहिलो. मागे दिपमाला पोरीला छातीशी घट्ट धरून रडत होती आणि पोरगी म्हणत होती, 'मम्मी, सोड, श्वास कोंडतोय.'

मायने मला अडवलं नाही. ती बघत होती. मी रिकामा लोटा खाली ठेवला तेव्हा तिने तो उचलून सरळ केला. मग मला विचारलं, रागाने नाही, रस्ता विचारावा तसं, 'मंग तिले कोन्या नावानं बोलावू? सांग ना रे. दुसरं नाव सांग, त्यानं बोलावते.'

मी दुसरं नाव शोधत होतो. गुडघ्यांवर बसून, तोंड उघडं ठेवून, मी खरंच शोधत होतो. बोट कुंकवात बुडवून माय थांबली होती. मग तिने ते बोट पदराला पुसलं, आणि कुंकवाची वाटी घेऊन ती आत पुरण बघायला गेली.